गोल पेशींच्या मागावर

जुन्नर

जुन्नरच्या एस.टी. स्टँडवर उतरले तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. रक्ताच्या काचपट्ट्या रंगवायच्या रंगाची बाटली नारायणगावच्या आसपास पिशवीत गळायला लागली आणि ती सावरता सावरता मी, माझा रुमाल आणि शेजारच्या बाईंच्या मेथीच्या जुड्या असे सगळेच रंगलो. मेथीची भरपाई देऊ केली तर त्या हसून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो. पर होळीला अजून टाइम हाय की!"

मी पुण्यात एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत तीसेक वर्षं काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसायचं आणि दुसऱ्यांच्या रक्तपेशी बघायच्या, हा माझा व्यवसाय. प्रवासाची मला विशेष हौस नाही. जुन्नरला आले ते एका महाविद्यालयाने विज्ञानाच्या मुलांसमोर 'पेशीचा सांगाडा' या विषयावर बोलायला बोलावलं म्हणून. एका व्याख्यानापुरती आले आणि चार दिवस राहिले, ते वैशालीमुळे.

आधी व्याख्यानाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेशी म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे पाण्याने भरलेली पिशवी येते. प्रत्यक्षात तिच्या आत प्रथिनांच्या धाग्यांचा आणि नळ्यांचा एक सांगाडा असतो. हाडांचा सांगाडा एकदा बनला की बनला, हा मात्र सतत बांधला जातो, सोडला जातो, पुन्हा बांधला जातो. चेतापेशी हातभर लांब असते आणि कातडीची पेशी फरशीसारखी चपटी असते, ती त्याच्या जिवावर. लाल रक्तपेशीत हा सांगाडा आवरणाच्या आतून, कोटाला अस्तर असावं तसा, जाळीच्या रूपात असतो. त्या जाळीमुळे पेशी दोन्ही बाजूंनी दाबलेल्या चकतीसारखी राहते आणि स्वतःपेक्षा बारीक फटीतूनही अंग चोरून पार जाते.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, सांगाडा कमजोर झाला तर पेशी लगेच मरते का?"

"लगेच नाही," मी म्हटलं. "आधी तिचा आकार जातो."

शेवटच्या बाकावर वैशाली बसली होती, मला भेटायला मुद्दाम आलेली. महिन्यापूर्वी पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिचं पुण्यात ऑपरेशन झालं होतं. सव्वीस वर्षांच्या मुलीला इतके खडे कसे, म्हणून डॉक्टरांनी रक्त माझ्याकडे पाठवलं. काचपट्टीवर निम्म्या पेशी गोल दिसल्या. मधला फिका ठिपका गायब, बंदुकीच्या छर्र्यासारख्या लहान, गच्च, गोल. जाळीचा एखादा सांधा जन्मापासूनच कच्चा असला की असं होतं. गोल झालेली पेशी डाव्या बरगडीखालच्या प्लीहेच्या फटींतून जाऊ शकत नाही, तिथे अडकते, फुटते. फुटलेल्या पेशींतून पिवळा रंग सुटतो, डोळे पिवळे दिसतात, त्याच रंगाचे पित्तात खडे होतात. हे आईवडिलांकडून येतं. म्हणून डॉक्टरांनी घरच्यांची तपासणी करायला सांगितली होती, आणि घरचे पुण्याला यायला तयार नव्हते.

संध्याकाळी ती मला जुन्या बाजाराच्या गल्लीत एका खानावळीत घेऊन गेली. मासवडी आणि लालभडक रस्सा. आमच्या घरी मासवडी सणासारखी, चार दिवस आधी ठरवून होते. इथे वाढपी विचारतो, "अजून एक देऊ का?" मी दोनदा हो म्हटलं.

"मॅडम, इतक्या लांब आलाच आहात तर निमगाव सावाला चला," वैशाली म्हणाली. "बाबांचं रक्त बघा. मग आत्याचं. आणि मग…" ती थांबली. "मला खरं तर आईचं बघायचंय."

मग तिने सांगितलं. ती सात वर्षांची असताना तिचा पाच वर्षांचा भाऊ, राजू, तापात गेला. चार दिवसांत पोर पांढरंफटक पडलं. दोन्ही मुलांचे डोळे अधूनमधून पिवळे होत. त्यावरून आत्याने दहाव्याच्या दिवशी, जमलेल्या सगळ्या भावकीसमोर आईला सांगितलं की तुझ्या पोटातच पिवळं आहे, तूच पोराला खाल्लंस. दोन महिन्यांनी आई माहेरी गेली, आंबेगाव तालुक्यात, लोणीच्या पुढच्या एका वस्तीवर. वैशालीला तिकडे नेऊ दिलं नाही; मोठी झाल्यावर ती आपणहून जाऊ लागली. गेल्या एकोणीस वर्षांत आईने सासरचा उंबरा ओलांडला नाही, आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही.

"तुझ्या मनात काय आहे?" मी विचारलं.

"आईचं रक्त खराब निघालं तर निघालं. मला तिच्यापासूनच आलं असेल तरी चालेल. पण कुणीतरी बघायला तर पाहिजे ना? एवढं बोलले सगळे, बघितलं कुणीच नाही."

माझ्या खोलीवर जुना आरशाचा सूक्ष्मदर्शक होता. मुलांना दाखवायला आणलेला, विजेशिवाय नुसत्या उन्हावर चालणारा. बाटलीत अर्धा रंग उरला होता. मी कामावर फोन करून तीन दिवसांची रजा मागितली.

निमगाव सावा

वैशालीच्या वडिलांची वस्ती गावाबाहेर उसाच्या कडेला आहे. एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला तारेच्या उंच जाळीआड वीसेक मेंढ्या. या बाजूला बिबट्या म्हणजे शेजारी असल्यासारखाच, त्याच्याविषयी बोलतातही तसंच: "परवा आला व्हता, पर कुत्रं व्हतं म्हणून गेला." भिकाजी साठीच्या जवळ आलेले, उंच, सडपातळ गृहस्थ. त्यांच्या आजोबांच्या काळी घरातले लोक पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन कोकणात उतरत. आता जमीन आहे, ठिबक आहे, मेंढ्या सवयीने आहेत.

"या पावणं, बसा," म्हणून त्यांनी पाणी आणि गूळ पुढे ठेवला. पुण्यात आम्ही पाहुण्याला विचारतो, "चहा घेणार ना?" आणि त्याच्या उत्तरात 'नको' शोधतो. इथे विचारतच नाहीत. बसल्यापासून उठेपर्यंत गूळ, चहा, पुन्हा चहा, मग बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, सगळं आपोआप समोर येत राहिलं.

ते उजेडाकडे तोंड करून बसले होते. मला सूक्ष्मदर्शकाची गरजच नव्हती. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर हळदीचा हात फिरवावा तशी छटा होती.

"हे डोळे कधीपासून असे?"

"जल्मापासून. उन्हाचं हाय म्हणत्यात लोकं. मेंढक्याचे डोळे असेच असत्यात."

बोटाला सुई टोचून मी थेंब घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने पसरला, असे दोन नमुने केले आणि ताटलीत वाळत ठेवून हात धुवायला गेले. परत आले तर काचा स्वच्छ. डाग नाही, ठिपका नाही. माशांनी पंगत उरकली होती. तीस वर्षांच्या नोकरीत माझा नमुना असा कधी कुणी खाल्ला नव्हता.

"न्हाई म्हणजे, लागलं तर अजून घ्या की," भिकाजींनी दुसरं बोट पुढे केलं. "मेंढरांना गोचीड रोज पित्यात."

या वेळी मी ताटलीवर पिठाची चाळण पालथी घातली आणि वैशालीला राखणीला बसवलं. रंग दिला, धुतला, अंगणात स्टुलावर सूक्ष्मदर्शक मांडून आरसा उन्हाकडे वळवला. पहिल्याच नजरेत दिसलं. वैशालीच्याच पेशी जणू. गोल, गच्च, लहान.

तुलनेसाठी मी माझ्या बोटाचीही एक पट्टी केली होती. आधी ती दाखवली, मग त्यांची. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"तुमच्यात मधी पांढुरकं हाय. आमच्यात न्हाई."

"बरोबर. माझी पेशी चकती आहे, तुमची गोळी आहे. आतून एक जाळी असते, ती पेशीला चकतीसारखी धरून ठेवते. तुमच्या जाळीचा सांधा कच्चा आहे."

"म्हंजे वाघरीची गाठ सुटल्यासारखं," ते म्हणाले. मेंढ्या रानात बसवताना भोवती जी दोरीची जाळी लावतात, तिला ते वाघर म्हणतात. "एक गाठ सुटली की समदी वाघर ढिली पडती."

माझं पाऊण तासाचं व्याख्यान त्यांनी एका वाक्यात उरकलं. मी मान डोलावली.

ते तिथेच उकिडवे बसले. मग त्यांनी जे विचारलं त्याची मी जुन्नरपासूनच तयारी केली होती.

"आन् राजूचं?"

"राजूचं रक्त मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही," मी म्हटलं. "पण लहान मुलांत एक साधा ताप येतो, त्यात काही दिवस नवीन रक्त तयार होणं थांबतं. निरोगी मुलांना कळतही नाही. ज्याच्या पेशी अशा लवकर फुटतात त्याचं रक्त मात्र चार दिवसांत खाली जातं. त्या वेळी रक्त चढवलं तर मूल वाचतं. तुम्ही सांगता ते ऐकून मला तसंच झालं असावं असं वाटतं. त्यात कुणाचा गुन्हा नव्हता. ना तुमचा, ना त्याच्या आईचा."

"माझं रक्त त्याच्यात गेलं, तरी माझा गुन्हा न्हाई?"

"तुम्ही काय मुद्दाम दिलंत का?"

ते उठून मेंढ्यांकडे गेले आणि उगाचच एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वैशाली त्यांच्यामागे जायला निघाली, मी तिला थांबवलं.

अर्ध्या तासाने ते परत आले. "पोरी, मी त्या दिवशी गप बसलो," ते वैशालीला म्हणाले. "आक्का बोलत व्हती आन् मी खाली बघत बसलो. तुझी आई माझ्याकडं बघत व्हती."

पक्क्या तपासणीसाठी मी नळीत रक्त घेतलं आणि बर्फाच्या डब्यात ठेवलं. नुसत्या काचपट्टीवर मी शेवटचा शब्द देत नाही, तिथेही दिला नाही. पण माझ्या मनात शंका उरली नव्हती.

"उद्या बेल्ह्याला आत्याकडे जाऊ. तुम्ही येता का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "आक्काला तुमीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

बेल्हे

बेल्ह्याचा आठवडे बाजार लागला की गावाची लोकसंख्या माणसांत मोजावी की बैलांत, असा प्रश्न पडतो. टेम्पोच्या रांगा, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवलेली शेळी, रुमालाखाली हात घालून बोटांनी चाललेला भाव, आणि या सगळ्यावर एक धुळीचा पडदा. आम्ही वैशालीच्या आत्याला शोधत होतो. फार शोधावं लागलं नाही, आवाजावरूनच सापडली.

ठकुबाई वयाने भिकाजींहून चार वर्षांनी मोठ्या. कासरे, म्होरक्या, घुंगरमाळा, पितळी घंटा असा जनावरांच्या सामानाचा त्यांचा कापडी पालाखालचा पसारा. नवरा लवकर गेल्यापासून त्या हा धंदा एकटीने करतात आणि बाजारातले दांडगे व्यापारीही त्यांना वचकून असतात. चौथीपर्यंत शिकलेल्या, त्याचा त्यांना अभिमान. दंडावर कोपराच्या वर एक रुपयाएवढा जुना चट्टा होता.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"लहानपणी कावीळ झाली व्हती. तव्हा डाग दिला." मग सावध होऊन, "तुमी कोण?"

वैशालीने ओळख करून दिली. रक्त हा शब्द ऐकताच आत्यांच्या कपाळावर आठी उमटली. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी. माझं पित्ताचं आपरेशन झालं त्याला धा वर्सं झाली, तव्हापासून गोळी न्हाई घेतलेली."

पित्ताचे खडे, लहानपणची कावीळ. मी वैशालीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

"आत्या, एक थेंब दे," वैशाली म्हणाली. "बाबांनी दिला."

"भिक्याला काय कळतंय! न्हाई म्हणलं ना."

घंटा वाजवून बघणारा एक बैलांचा व्यापारी मधेच म्हणाला, "आक्का, सुईला भ्यालात व्हय?" आजूबाजूचे चारपाच जण हसले. ठकुबाईंनी त्याच्या हातातली घंटा काढून घेतली, खाली ठेवली आणि माझ्यापुढे बोट धरलं. "टोचा. हितंच टोचा, समद्यांम्होरं."

काचेवर धूळ बसू नये म्हणून मी शेजारच्या रिकाम्या टेम्पोच्या हौद्यात बस्तान मांडलं. काचपट्टी वाळली, रंगली. तोवर आत्यांनी दोन कासरे विकले आणि आमच्यासाठी गरम भजी मागवली. माणूस रागावला असला तरी पाहुण्याला उपाशी ठेवत नाही, हे मला या मुलखात पुन्हा पुन्हा दिसलं.

मी बघितलं आणि नुसतीच बाजूला सरले. आत्या टेम्पोत चढून आल्या, पदर खोचून नळीला डोळा लावला.

"ही कुणाची?"

"ही माझी," मी पट्टी बदलत म्हटलं. "ही भिकाजींची. आणि ही तुमची."

त्यांनी तिन्ही पट्ट्या दोनदा बघितल्या. तिसऱ्यांदा स्वतःच्याच हाताने बदलून बघितल्या. जनावराचे दात बघून वय सांगणाऱ्या बाईला दोन सारख्या वस्तू ओळखायला माझी गरज नव्हती.

"माझी आन् भिक्याची येकच हाय."

"हो."

"म्हंजे आमच्या घरातलं हाय हे. आमच्या बापाकडनं न्हाईतर आईकडनं."

"हो."

"आन् राजूला ते भिक्याकडनं गेलं."

"बहुतेक. त्याच्या आईचं रक्त अजून बघायचंय. पण भाऊबहीण दोघांत आहे म्हणजे ते तुमच्याच घराण्यातून आलंय. ते शोधायला राजूच्या आईच्या दारात जायचं कारणच नव्हतं."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. तपासणी करणाऱ्याने निकाल सांगावा, निवाडा करू नये. पण बोलून गेले, आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

ठकुबाई टेम्पोच्या कडेवर बसून राहिल्या. खाली एक गिऱ्हाईक घुंगरमाळ हातात घेऊन किंमत विचारत होतं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मी तिला काय काय बोलले, ते समदं माझ्या ध्यानात हाय. येक शबूद इसरले न्हाई."

वैशाली रडायला लागली. आत्यांनी तिला जवळ घेतलं नाही. त्या खाली उतरल्या, भर बाजारात, दुपारी, पाल सोडायला लागल्या. शेजारचा दुकानदार चकित होऊन बघत राहिला.

"लोणीला जायाला मंचरवरनं गाडी हाय ना?" त्यांनी पोत्यात घंटा भरत विचारलं. "मी बी येती."

लोणीच्या पुढची वस्ती

रात्री मंचरला एका नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने निघालो. मंचर सोडून पूर्वेला गेलं की हिरवळ हळूहळू मागे पडते. ऊस संपतो, बटाट्याची काढलेली रानं लागतात, मग ज्वारी, मग नुसता माळ. जुन्नरच्या डोंगरांची सवय झालेल्या डोळ्यांना ही मोकळी सपाटी आधी ओकीबोकी वाटते. नंतर लक्षात येतं की इथे आभाळ जास्त आहे.

गाडीत ठकुबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना एकदाच म्हटलं, "त्यांचं रक्त आधी बघू द्या. मग काय ते बोला."

"बगा. पर मला जे बोलायचंय ते मी बोलणारच," त्या म्हणाल्या. "ती पांढरी निगू द्या न्हाईतर काळी."

फाट्यापासून पाऊण मैल चाललो. वस्तीवर सातआठ घरं, मधे कडुलिंब. एक ठेंगणी, घट्ट बांध्याची बाई सुपात ज्वारी पाखडत होती. वैशालीला बघून ती हसली, आणि तिच्यामागे कोण आहे ते दिसताच सूप हातात तसंच धरून उभी राहिली.

"आये, या मॅडम," वैशाली घाईने म्हणाली. "तुला फोनवर सांगितलं होतं ना, रक्त बघायला येणार म्हणून."

"त्या येणार हे सांगितलं व्हतंस," हौसाबाई म्हणाल्या. "ह्या येणार हे न्हाई सांगितलंस."

ठकुबाई अंगणाच्या कडेला, जिथे सारवलेली जमीन संपते तिथेच थांबल्या होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं नाही.

मी माझं काम सुरू केलं. हातात काम असलं की माझी भीड जाते. हौसाबाईंनी बोट पुढे केलं आणि नजर दुसरीकडे वळवली नाही, थेंब काचेवर पसरेपर्यंत बघत राहिल्या. चाळण मी आठवणीने मागून घेतली. वस्तीवरची माणसं एकेक करून जमायला लागली: हौसाबाईंचा भाऊ, भावजय, शेजारची म्हातारी, आणखी दहाबारा जण. उन्हं चढली होती, आरशात उजेड स्वच्छ आला.

मी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलट, अशी दोनदा पाहिली. एरवी इतका वेळ मला लागत नाही. एकही गोल पेशी नव्हती. सगळ्या चकत्या, सगळ्यांच्या मधोमध फिका ठिपका.

"चांगलं आहे," मी म्हटलं. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. "हौसाबाई, तुमच्या रक्तात काहीही दोष दिसत नाही. जो दोष आहे तो भिकाजींत आहे आणि ठकुबाईंत आहे. वैशालीला तो वडिलांकडून आलाय. पुण्यात आणखी एक तपासणी करून मी हे पक्कं करीन. पण डोळ्यांना जे दिसतंय ते हे."

हौसाबाईंनी नळीतून बघितलं नाही. "मला काय बगायचंय त्यात?" त्या म्हणाल्या. "मला ठावं व्हतं."

मग ठकुबाई सारवणाच्या कडेवरूनच बोलल्या. बाजारातला आवाज होता तोच, फक्त मधे मधे तुटत होता. "हौसा, त्या दिवशी समद्या भावकीम्होरं मी तुला बोलले. ते खोटं व्हतं. दोष माझ्या घरचा व्हता. हितं तुझ्या माणसांम्होरं मी सांगती, चूक माझी."

शेजारच्या म्हातारीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हौसाबाई रडतील, किंवा ओरडतील, किंवा आत निघून जातील. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमी आत्ता बोलला ते कागदावर लिवून द्याल का? मराठीत. खाली सही करून."

तीस वर्षांत मी हजारो निकाल लिहिले, सगळे इंग्रजीत, छापील रकान्यांत. असा कागद पहिल्यांदाच लिहिला. वहीचं पान फाडून, गुडघ्यावर धरून: 'हौसाबाई यांच्या रक्ताची मी स्वतः तपासणी केली. त्यांच्या पेशींचा आकार योग्य आहे. त्यांच्या मुलांना झालेला पेशींचा आजार त्यांच्याकडून आलेला नाही.' शेवटच्या वाक्यावर पेन क्षणभर थांबलं, कारण पक्की तपासणी व्हायची होती. 'आज जे दिसते त्यावरून' हे चार शब्द मी आधी घातले. प्रामाणिकपणा सोडून दिलेला दिलासा त्यांच्या उपयोगाचा नव्हता. खाली सही केली, तारीख घातली.

हौसाबाईंनी कागद घेतला आणि थेट अंगणाच्या कडेपर्यंत चालत गेल्या. "तुमाला वाचता येतं. वाचा."

ठकुबाईंनी पान डोळ्यांपासून लांब धरलं. अक्षर लावत, अडखळत त्यांनी वाचलं. 'तपासणी'ला अडल्या, तेव्हा वैशाली पुढे झाली. हौसाबाईंनी हाताने तिला मागे सारलं. ठकुबाईंनी तो शब्द पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत गेल्या.

"परत," हौसाबाई म्हणाल्या. "मागच्या माणसास्नी ऐकू न्हाई आलं."

ठकुबाईंनी घसा साफ केला आणि दुसऱ्यांदा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

हौसाबाईंनी कागदाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली. मग सुपातली ज्वारी डब्यात ओतून त्या म्हणाल्या, "उन्हात उभं नगा ऱ्हाऊ. आत या. भाकरी टाकते."

जेवताना दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, लसणाचा ठेचा. हौसाबाईंनी सगळ्यांना आग्रह केला, ठकुबाईंना केला नाही, पण त्यांची ताटली रिकामी होताच भाकरी पडत होती. निघताना वैशाली म्हणाली, ती दोन दिवस आईकडेच राहणार आहे. ठकुबाई आणि मी फाट्यापर्यंत चालत आलो. त्या मंचरच्या गाडीत बसल्या, मी पुण्याच्या. खिडकीतून त्यांनी विचारलं, "ह्याला औषध काय?"

"फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, आणि दरवर्षी पोटाची सोनोग्राफी. घाबरायचं कारण नाही. तुम्ही या रक्तावर साठ वर्षं काढलीत, बाजार गाजवलात."

पहिल्यांदाच त्या हसल्या.

पुणे

प्रत्येक ठिकाणी भरून घेतलेल्या नळ्या बर्फाच्या डब्यात पुण्याला नीट पोहोचल्या. पक्क्या तपासणीत तेच निघालं, तिघांत दोष, हौसाबाई स्वच्छ. डॉक्टरांनी भिकाजींनाही त्याच गोळ्या सुरू केल्या. आणखी एक कागद लिहून मी लोणीच्या पत्त्यावर पाठवला. त्यात ते चार शब्द नव्हते.

तीन आठवड्यांनी वैशालीचा फोन आला.

"मॅडम, बाबा रविवारी आईकडे गेले होते. एकटेच. मला सांगितलंही नाही, मामाकडून कळलं."

"मग?"

"आईने त्यांना ओसरीवर बसवलं. त्यांनी पाणी घेतलं. मग म्हणाले, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. आई म्हणाली, व्हय, पाहिजे व्हतं. बस, एवढंच. मग तिने जेवायला वाढलं."

"परत येणार आहे का ती निमगावला?"

"नाही म्हणते. म्हणते, माझं आता इथं चांगलं चाललंय." वैशालीच्या आवाजात दुःख नव्हतं. "पण बाबा निघाले तेव्हा ती फाट्यापर्यंत सोडायला गेली. गाडी आल्यावर त्यांना म्हणाली, गोळ्या टायमावर घेत जावा."